उशीखालचा पट्टा

कतारातला पाऊस म्हणजे जावई, असं कासम म्हणायचा. न सांगता येणार, ठाण मांडून बसणार आणि जाताना सगळं अंगण चिखल करून जाणार. हे तो नेमका रियाजच्या तोंडावर म्हणायचा, कारण रियाज त्याच्या धाकट्या बहिणीचा, तय्यबाचा नवरा.

"आणि मेव्हणा म्हंजे काय?" रियाज भाकरी मोडत विचारायचा.

"मेव्हणा म्हंजे ऊन. बाराही महिने डोक्यावर."

तय्यबा शेगडीपाशी ओढणी तोंडाला लावून हसायची. तिला नवऱ्याची बाजूही घ्यायची असायची आणि भावाची कळही काढायची नसायची. तिघांचं बिऱ्हाड मजऱ्यावरच्या शेडमागच्या दोन खोल्यांत. मजरा म्हणजे अरबाबाची, म्हणजे मालकाची, शेती, अल खोर ओलांडून रास लफानच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. अरबाब दोह्यात राहायचा आणि शुक्रवारी पाहुणे घेऊन मजलिसीत, तिथल्या बैठकीच्या खोलीत यायचा. तय्यबा त्यांचं जेवण रांधायची, रियाज ट्रॅक्टर चालवायचा आणि कासम, त्याच्याच भाषेत, "बाकी समदं" करायचा. रत्नागिरीला रिक्षा, मुंबईला फुटपाथवर घड्याळं, मस्कतला बेकरी, असं सगळं करून पन्नाशी ओलांडल्यावर तो बहिणीच्या आधाराने इथे टेकला होता.

त्या साली जानेवारीत जावई आला आणि जायचं नाव घेईना. आठवडाभर आभाळ राखुंड्यासारखं. मजऱ्याची जमीन खोलगट, भोवतालच्या माळाचं सगळं पाणी तिथंच उतरायचं. खालच्या वावरात टोमॅटो लालेलाल होऊन लोंबत होते आणि ते वर शेडपर्यंत आणायचा चढ साबणासारखा झालेला. एरवी तो चढ असा टणक, की वर कुदळ मारली तर ठिणगी पडावी. आता त्यावर माणूसच उभा राहत नव्हता, तर तो नारिंगी, बुटका जपानी ट्रॅक्टर काय चढणार? मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची आणि ट्रॉलीत बसलेल्या नेपाळी गड्यांची तोंडं चिखलाने माखायची.

म्हणून साखळ्या आल्या. मॅनेजर श्यामसाहेब, मूळचे नाशिकचे, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात गेले आणि कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली चाकाच्या साखळ्यांची जोडी घेऊन आले. माल बर्फाच्या मुलखातला. खोक्यावर पांढराशुभ्र डोंगर आणि लोकरी टोपीतला एक गोरा.

"ह्याला बघ," कासम म्हणाला. "थंडीनं दात वाजतायत आणि लोकांना वाटतंय हसतोय."

साखळ्यांचा नंबर एक मोठा निघाला. चाकावर चढवून आकडे लावले तरी बाहेरची बाजू ढिली राहायची. श्यामसाहेबांनी डोक्याला हात लावला. रियाज चाकापाशी बसला. त्याचा बाप मच्छिमार, तो स्वतः लग्नापर्यंत बोटीवर. त्याने ट्रकची जुनी ट्यूब कापून रबराचे पट्टे केले, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे अडकवले आणि ते सुटू नयेत म्हणून वरून जाळ्याच्या हिरव्या सुतळीने आवळून बांधले. हे पट्टे बाहेरच्या साखळीवर आडवे ताणले, की साखळी चाकाला अशी बसायची, जशी मनगटाला बांगडी.

पण एवढ्याने भागत नाही. साखळी टाकायची, पट्टे ताणायचे, थोडं पुढे जायचं, उतरायचं, ढिली पडलेली कडी आत घ्यायची, परत ताणायचं. संध्याकाळी लावली तरी सकाळी निघताना पुन्हा एकदा हाताने ओढून बघायची. रियाज हे नमाजासारखं करायचा, आणि कासमच्या पोटात नेमकं तिथंच गुदगुल्या व्हायच्या.

"अरे, नवरीला एवढं कोण हात लावून बघतं रे? लाजंल ती."

झालं. ट्रॅक्टरचं नाव नवरी पडलं आणि साखळ्या तिचे पैंजण.

आता मेहुण्याची मस्करी करायचा हक्क आपल्याकडे कोणाला नसतो? पण कासमने तो हक्क जन्माचा लिहून घेतल्यासारखा वापरला होता. लग्नाच्या दिवशी त्याने रियाजचे बूट पळवले. सगळा मांडव शोधून झाला, नवरदेव अनवाणी बसून राहिला, आणि शेवटी बूट सापडले ते त्याच्याच नव्या बिछान्यात, उशीखाली. तेव्हापासून घरात काही हरवलं, की रियाज शोधाशोध करायचाच नाही. चष्मा, तंबाखूची डबी, मोबाईल, एकदा तर तय्यबाने तळून ठेवलेला अख्खा बांगडा, सगळं रियाजच्या उशीखाली निघालं. "उशी बघा," एवढंच तो म्हणायचा. त्याने कधी उलट मस्करी केली नाही. कासमला त्याचंच वाईट वाटायचं. एकट्यानं किती खेळायचं?

साखळी आल्यावर कासमला नवा खेळ सापडला. पहाटे नमाजानंतर रियाज चहा घेत असायचा तेव्हा तो शेडसमोर जायचा आणि उजव्या चाकाचा एक पट्टा काढून घ्यायचा. साखळी एका बाजूने सैल व्हायची. रियाज ट्रॅक्टर सुरू करायचा आणि शेडसमोरच्या सिमेंटवर चाक फिरलं रे फिरलं, की छुम, छुम, छुम! "नवरी आली! नवरी आली!" कासम टाळ्या पिटायचा. नेपाळी गडी पोट धरून हसायचे. रियाज इंजिन बंद करून उतरायचा, चाकाकडे बघायचा, कासमकडे बघायचा आणि मुकाट्याने खोलीत जाऊन उशीखालून पट्टा घेऊन यायचा. असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा शेडसमोर, दोन्ही वेळा सिमेंटवर.

तिसऱ्या वेळी गुरुवार होता. शुक्रवारच्या बाजाराचा माल, दोह्याहून आलेली गाडी वर रस्त्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, बारीक पाऊस आणि समुद्राकडून येणारा बोचरा वारा. सकाळी लवकर भरता यावं म्हणून रियाजने आदल्या संध्याकाळीच ट्रॅक्टर खाली वावराच्या बांधाला नेऊन उभा केला होता. कासम पहाटे तिथंवर गेला. चपला चिखलात रुतल्या तेव्हा एकदा त्याच्या मनात आलं, जाऊ दे. पण माणसाला स्वतःच्या गंमतीचं वेड लागलं की चिखल काय आणि काटा काय. त्याने पट्टा काढला, जाकिटात घातला, वर आला आणि रियाज मोरीत असताना त्याच्या उशीच्या अभ्र्यात सारला.

मग कॅरेट भरायला सगळेच लागले. बोटं गारठून टोमॅटोचे देठसुद्धा जाणवत नव्हते. ट्रॉली भरली. रियाजने हात पँटला पुसले आणि खाली वाकायला लागला, तेवढ्यात वरून श्यामसाहेब ओरडले, "अरे यल्ला रियाज, गाडी निघून जाईल! काय करताय राव!"

रियाजने अर्धवट वाकल्या वाकल्या कासमकडे बघितलं. "कासमभाय, चेन बघितलीत?"

आणि कासम म्हणाला, "बघितली रे बाबा. नवरीचे पैंजण घट्ट हायेत. चढ तू."

हे वाक्य पुढे त्याच्या कानात किती वेळा वाजलं, त्याला गणती नाही. त्या क्षणी मात्र त्याला एवढंच दिसत होतं, की आता छुम छुम होणार. तो लगबगीने वर शेडपाशी गेला, तय्यबाने ठेवलेल्या किटलीतला चहा ओतून घेतला आणि कॅरेट उतरवायला थांबलेल्या नेपाळी गड्यांना डोळा मारला. "अब देखो, दुल्हन नाचेगी."

ट्रॅक्टर निघाला. चढाला लागला. छुम झालंच नाही.

चिखलात पैंजण वाजत नाहीत. एवढी साधी गोष्ट. लोखंड मऊ चिखलात बुडत होतं आणि नुसतं चप-चप बाहेर येत होतं. कासमने कान टवकारले. वाजंल, पुढे वाजंल. कपातला चहा गरम होता, तो फुंकून प्यायला. त्याला हात हलवता आला असता. "थांब!" म्हणून एक आरोळी ठोकता आली असती, रिक्षावाल्याचा गळा होता त्याचा. पण मग मस्करी फुकट गेली असती. तो वाट बघत राहिला, ओठांवर हसू तसंच धरून.

मधल्या वळणावर साखळीचा बाहेरचा आकडा सुटला. मोकळं टोक चाकाबरोबर वर आलं आणि मडगार्डवर थाडकन आपटलं. रियाज आवाजाने दचकला, मागे वळून बघायला म्हणून त्याने उजवा हात मडगार्डवर टेकला. चाक फिरलंच. दुसरा फटका हातावर बसला.

ट्रॅक्टर मागे घसरला, ट्रॉली आडवी झाली आणि कॅरेटच्या कॅरेट चढावरून गडगडत आली. लाल टोमॅटो चिखलात घरंगळत खाली चालले होते आणि वरून कासम धावत येत होता, पडत होता, उठत होता. रियाज सीटवरच होता. दोन्ही पाय ब्रेकवर गच्च, डाव्या हाताने स्टेअरिंग धरलेलं, उजवा हात मांडीवर.

"कासमभाय," तो हळू आवाजात म्हणाला, "बघा जरा. बोटं हायेत काय?"

दोन बोटं अर्धी गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. तिसरं मोडलं होतं, पण ते राहील, असं अल खोरच्या डॉक्टरने सांगितलं.

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये श्यामसाहेब येरझाऱ्या घालत होते. बुटांना चिखल, कपाळाला आठ्या. ते वाईट माणूस नव्हते, पण अरबाबाचा फोन येऊन गेला होता.

"मी स्वतः चाक बघितलं," ते रियाजच्या खाटेपाशी येऊन म्हणाले. "बाकीचे सगळे पट्टे जागेवर. उजव्या चाकाचा एक नाहीच. तुटला असता तर आकडे तरी साखळीला लटकून राहिले असते ना? आकडेही नाहीत. म्हणजे तो लावलाच नव्हता. रियाज, तुम्ही निघताना चेन बघितली होती की नाही? खरं सांगा."

कासम खाटेच्या पायथ्याशी उभा होता. रियाजने त्याच्याकडे बघितलं, अगदी क्षणभर. मग नजर छताला लावली.

"मीच बघायला पायजे व्हती, साहेब. ऱ्हायली."

कासमचं नाव त्याने घेतलं नाही. कासमभायला विचारलं होतं, ते 'बघितली' म्हणाले, हे दोन शब्दही नाहीत. बायकोचा मोठा भाऊ. वयस्कर माणूस, नजर चुकली असंल, असंच धरून चालला होता तो. कासमला वाटलं, ह्याच्यापेक्षा त्याने उठून कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

श्यामसाहेबांनी कासमला पिकअपमधून मजऱ्यावर सोडलं. रियाजची कार्डं, कपडे घेऊन तय्यबाला परत इस्पितळात न्यायचं होतं. कासम खोलीत शिरला तर तय्यबाची पिशवी भरून झाली होती. डोळे सुजलेले, पण हात चालू. तिने खाटेवरची उशी उचलली आणि छातीशी धरली.

"ही कशाला?"

"त्यांना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाय. तुला ठावं नाय काय?"

अभ्र्याच्या कोपऱ्यात पट्टा होता. आकड्याचं टोक कापडातून किंचित वर आलेलं कासमला दिसत होतं. "दे, मी घेतो," म्हणत त्याने उशी जवळजवळ ओढूनच घेतली.

"भाय, अरे हळू."

"तू ती पिशवी घे. पाण्याची बाटली घे. जा, साहेब गाडीत वाट बघतायत."

ती वळली. त्याने अभ्र्यात हात घातला आणि पट्टा काढून जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबला. आकडा छातीला टोचला. दारातून तय्यबाने मागे वळून बघितलं.

"काय काढलंस?"

"काय नाय. दोरा सुटला व्हता."

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर कासमकडे आला. रियाजची सीट. सीटच्या फाटक्या रेक्झिनवर रियाजने गोणपाटाची घडी करून ठेवली होती, त्याच्या बुडाच्या मापाने दबलेली. कासमने ती उचलून बाजूला टाकली आणि मग उचलून परत ठेवली. दोन्ही करवेना.

पाऊस थांबला होता, पण चिखल सुकत नव्हता. पहाटे धुकं असं, की रास लफानच्या गॅस कारखान्यांच्या धुराड्यांवरच्या आगी नुसत्या पिवळट डागांसारख्या दिसायच्या आणि शिफ्टच्या कंपनी बसेस रस्त्यावरून जाताना फक्त ऐकू यायच्या. कासम ट्यूबचा नवा पट्टा कापून घेऊन चाकापाशी गुडघे टेकायचा. थंड लोखंड बोटांना चावायचं. आतल्या बाजूचा आकडा लावायला चाकामागे खांद्यापर्यंत हात घालावा लागतो आणि गाल चिखलाने भरलेल्या टायरला टेकतो, हे त्याला तेव्हा कळलं. इतके दिवस रियाज रोज असा गाल टेकत होता आणि आपण टाळ्या पिटत होतो.

तो साखळी कसायचा, थोडं पुढे जायचा, उतरायचा, परत कसायचा. चढावर मधल्या वळणाला आला की त्याचा उजवा हात आपोआप छातीशी यायचा. तिथं आतल्या खिशात तो जुना पट्टा होता. फेकायला तो तीनदा गेला. एकदा कचऱ्याच्या पिंपापर्यंत, एकदा विहिरीपर्यंत, एकदा गडी शेकोटी करून बसले होते तिथंवर. तिन्ही वेळा परत आला. खाई त्याला खवखवे म्हणतात. ह्याला नुसतं खवखवत नव्हतं, घास अडकलेला होता.

आणि मस्करी बंद झाली. नेपाळी गडी सकाळी त्याच्या तोंडाकडे बघायचे, आता काहीतरी बोलेल म्हणून. तो "यल्ला, उठाओ," एवढंच म्हणायचा. त्यांना वाटायचं, बिचारा मेहुण्याचं दुःख करतोय. एकाने तर आपल्या वाटचं उकडलेलं अंडं त्याच्या थाळीत ठेवलं. ते अंडं त्याला गिळता गिळेना.

मग श्यामसाहेबांनी शेडमध्ये बोलावून सांगितलं. "कासमभाई, अरबाबचा निरोप आला. रियाजला परत पाठवायचं म्हणतोय. एका हाताचा ड्रायव्हर काय करायचा, आणि निष्काळजी वर. आता तो गेला म्हणजे तय्यबाताईंनाही जावं लागणार. मी बोललो दोन शब्द, पण ऐकत नाही. तुम्ही मात्र राहा. ट्रॅक्टर तुमच्याकडेच ठेवू."

"साहेब," कासम म्हणाला, "पट्टा मी काढला व्हता."

श्यामसाहेब कागदातून वर बघायलाच तयार नव्हते.

"मस्करी केली. वाजंल म्हणून काढला. त्याने इचारलं चेन बघितलीत काय, मी हो म्हटलं. हा बघा पट्टा." त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवला.

श्यामसाहेबांनी पट्टा बघितला, मग कासमला बघितलं आणि थकल्यासारखे हसले. "अहो, मागच्या महिन्यात तुम्हीच मला बलदियाचा, नगरपालिकेचा इन्स्पेक्टर बोलतोय म्हणून फोन केला होता ना? मी शर्ट बदलून गेटवर उभा राहिलो होतो उन्हात. त्याआधी काकडीच्या कॅरेटमध्ये रबरी साप. आता हे."

"ह्ये खरं हाय, साहेब. अल्लाची शपथ."

"मेहुण्यासाठी करताय, कळतंय मला. मन मोठं आहे तुमचं. पण असे पट्टे त्या कोपऱ्यात ढीगभर पडलेत, त्यातला एक आणून दाखवून अरबाबला कसं पटवू? मलाच पटत नाही तर." त्यांनी उठून कासमच्या खांद्यावर थोपटलं. "जा. ट्रॅक्टर सांभाळा."

मन मोठं! कासम शेडबाहेर येऊन नुसता उभा राहिला. आयुष्यभर खोटं बोलून लोकांना हसवलं, कोणी एकदाही अडवलं नाही. आज खरं बोलायला गेला, तर शाबासकी देऊन परत पाठवलं.

रियाज घरी आला तो दुपारी. हाताला बँडेजचं पांढरं गाठोडं बांधलेलं, गळ्यात पट्टी, तोंड उतरून लहान झालेलं. तय्यबाने त्याला तांदळाची पेज केली, वर सुक्या जवळ्याची चटणी. तो डाव्या हाताने चमचा धरायचा तर पेज हनुवटीवर सांडायची. तय्यबा पुसायला गेली, त्याने तोंड फिरवलं.

"शेगडी बारीक केलीस काय?" त्याने विचारलं.

"केली."

थोड्या वेळाने तो स्वतः उठला, शेगडीपाशी गेला, बटण चाचपलं. परत आला. बसला. मग दाराची कडी बघून आला.

"इस्पितळात पण असंच करत व्हते," तय्यबा भावाला हळूच म्हणाली. "नळ बंद हाय काय, पुन्यांदा बघायचे. स्वतःच्या हातावर भरवसाच ऱ्हायला नाय त्यांचा."

रियाजने ऐकलं. तो कसनुसं हसला. "काय सांगू, कासमभाय. त्या सांजेला पट्टा मी लावला व्हता. मला आठवतंय, सुतळीची गाठ बोटाला लागलेली आठवतंय. आता तेच बोट नाय, तर आठवण तरी खरी कशावरून?" त्याने पेजेची वाटी बाजूला सरकवली. मग खाटेवरच्या उशीकडे बघत म्हणाला, "तुमी हसाल. तय्यबाने उशी आणली ना तिकडं, तर पयला हात आत घातला. डावा हात. म्हटलं, असंल. कासमभायची मस्करी असंल. पट्टा आत असंल, तर मग चूक माझी नाय. बोटं गेली तर गेली, पण चूक तरी माझी नाय." त्याने मान हलवली. "रिकामी व्हती."

खोलीत फक्त शेगडीवरच्या पातेल्याचा झाकणाशी चाललेला पुटपुटाट ऐकू येत होता. कासमने जाकिटात हात घातला. आकडा अस्तरात अडकला, निघेना. त्याने ओढला, अस्तर फाटलं. हिरव्या सुतळीने आवळलेला तो पट्टा त्याने रियाजच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

रियाजने अंगठ्याने सुतळीची गाठ चाचपली. गाठीगाठीवरून हळूहळू अंगठा फिरवला, जसा आंधळा तोंड ओळखतो. स्वतःच्या हातचं काम. त्याने पट्टा डोळ्यांजवळ नेला, मग मांडीवर ठेवला.

"उशीतच व्हता," कासम म्हणाला. "मी काढला. तय्यबाने उशी उचलली तेव्हा. मी..."

"दोरा सुटला व्हता," तय्यबा म्हणाली. तिचा आवाज कासमने कधी ऐकला नव्हता असा होता. "दोरा सुटला व्हता म्हणालास मला."

"साहेबाला सांगितलं मी, तय्यबा. सगळं सांगितलं. त्यांना खरं वाटेना."

"तुझं कोणाला खरं वाटंल, भाय?"

तिने नवऱ्याच्या मांडीवरचा पट्टा उचलला, ओढणी डोक्यावर घेतली आणि चपला घालून बाहेर पडली. खिडकीतून कासमला दिसलं, ती चिखल चुकवायलासुद्धा थांबत नव्हती, सरळ शेडकडे चालली होती. श्यामसाहेबांपुढे ती आजवर एक शब्द जादा बोलली नव्हती, आणि म्हणूनच ती जे बोलेल ते खरं ठरणार होतं.

कासमला वाटलं, आता रियाज काहीतरी बोलेल. शिवी देईल. रियाज उठला, शेगडीपाशी गेला, पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि परत येऊन बसला. ह्या वेळी तो पुन्हा बघायला उठला नाही. कासमने तोंड भिंतीकडे केलं, कारण त्याला रडू फुटलं होतं आणि रडतानाचं त्याचं तोंड हसल्यासारखं दिसायचं, हे त्याला माहीत होतं.

अरबाबाने निकाल दिला. रियाज राहील, हात बरा होईपर्यंत गड्यांवर नजर ठेवील, चेन लावून घेईल, पुढचं पुढं. कासमने हंगाम संपेपर्यंत थांबायचं. टोमॅटो उपटून झाले, की त्याचा व्हिसा खलास. श्यामसाहेबांनी हे सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांना, बहुधा, खांद्यावर थोपटल्याची लाज वाटत होती.

तय्यबा त्याला जेवायला वाढत होती. भाकरी गरम, कालवणात माशाचा तुकडा नेहमीएवढाच. फक्त "आणखी घे," म्हणत नव्हती. तो उठला की ताट उचलत होती.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून कासम खोलीत आला. अरबाबाचे पाहुणे मजलिसीत जेवत होते, तय्यबा तिकडंच. उत्तरेकडून पुन्हा काळं आभाळ चढत होतं. तो खाटेवर आडवा झाला आणि मानेला काहीतरी कठीण टोचलं.

त्याने उशी उचलली. खाली पट्टा होता. तोच, हिरव्या सुतळीचा.

तो बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या उशीखाली कोणी काही ठेवलं नव्हतं. त्याने हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. रियाजने आज मस्करी केली, का दोष परत केला, का नुसती वस्तू जागेवर ठेवली, काही उमगत नव्हतं. लोकांच्या तोंडावरून मनातलं ओळखण्यात ज्याचा हात कोणी धरत नसे, त्या कासमला हे एक कळेना.

"कासमभाय," बाहेरून रियाजची हाक आली. "पाऊस येतोय. चेन बघायचीय."

रियाज शेडसमोर ट्रॅक्टरपाशी उभा होता. तोंडावर हसू नाही, राग नाही. कासमने चिखलात गुडघे टेकले, नवा पट्टा काढून त्या जागी जुना ताणला आणि आकडा कडीत सोडला. चाकामागे हात घालून आतला आकडा चाचपला, गाल टायरला टेकला. मग सीटवर चढून ट्रॅक्टर थोडा पुढे घेतला आणि उतरला.

"बघितलीत?" रियाजने विचारलं.

उत्तर त्याच्या तोंडात अगदी तयार होतं. घट्ट होती साखळी. खरोखर घट्ट होती.

"तू बघ," कासम म्हणाला.

रियाज वाकला. बांधलेला हात पोटाशी धरून त्याने डाव्या हाताने साखळी ओढून बघितली, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि सावकाश सरळ झाला.

"चेन परत कसा."

पहिले थेंब मडगार्डवर टपटपले. कासम पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि परत कसायला लागला.